रुग्णाभिलेख प्रणाली, मुक्तस्रोत

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णाची ओळख, त्याची तक्रार, तपासणीत आढळलेली लक्षणे, रोगनिदान, दिलेली औषधे, प्रयोगशाळेतील निष्कर्ष आणि पुढील भेटीची तारीख यांची संगणकावर सुसूत्र नोंद ठेवणाऱ्या आज्ञावलीस, म्हणजेच सॉफ्टवेअरला, इलेक्ट्रॉनिक रुग्णाभिलेख प्रणाली असे म्हणतात. अशा आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे कार्यक्रमकाराने लिहिलेला वाचनीय मजकूर, कोणासही पाहता, वापरता, बदलता व बदललेल्या स्वरूपात इतरांना देता येईल असा परवाना तिला जोडलेला असल्यास ती प्रणाली मुक्तस्रोत ठरते. ‘मुक्त’ या शब्दाने येथे किंमत सूचित होत नाही. मुक्तस्रोत आज्ञावलीची प्रत बहुधा विनामूल्य मिळते हे खरे. परंतु तिचे वैशिष्ट्य वापरणाऱ्यास मिळणाऱ्या अधिकारांत आहे, वाचलेल्या पैशांत नाही [→ संगणक].

बाह्यरुग्ण विभागातील कागदी केसपेपर हा या प्रणालीचा पूर्वज होय. केसपेपर स्वस्त असतो, त्यास वीज लागत नाही आणि तो कसा भरावा हे कोणास फारसे शिकवावे लागत नाही. त्याचे हे गुण संगणकाच्या पुरस्कर्त्यांनी पुष्कळदा दुर्लक्षिले आहेत. मात्र केसपेपर एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो; तो भिजतो, फाटतो, चुकीच्या गठ्ठ्यात बांधला जातो. ‘गेल्या तीन महिन्यांत औषध नेण्यास न आलेले क्षयरोगी कोणते?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर हजारो केसपेपरांतून शोधणे प्रत्यक्षात अशक्य होते. सर्दी-तापासारख्या अल्पकालीन आजारांत ही उणीव जाणवत नाही. क्षयरोग, एचआयव्ही संसर्ग, मधुमेह, अतिरक्तदाब, दात्र-कोशिका विकार (सिकलसेल) यांसारख्या दीर्घकालीन विकारांत आजच्या औषधाची मात्रा मागील भेटींच्या नोंदींवर अवलंबून असते. तेथे केसपेपर हरवला की उपचार खंडित होतो.

नोंद संगणकावर नेल्याने या अडचणी दूर होतात, पण एक नवी अडचण उद्भवते. रुग्णाच्या अभिलेखाचे आयुष्य आज्ञावलीच्या आयुष्याहून पुष्कळ मोठे असते. मधुमेही रुग्ण एकाच दवाखान्यात तीस वर्षे येऊ शकतो. एकच विक्रेता तीस वर्षे तीच आज्ञावली पुरवीत राहील असे सहसा घडत नाही. विक्रेता व्यवसाय बंद करतो, दुसऱ्या कंपनीस विकला जातो किंवा वार्षिक शुल्क वाढवितो. माहिती साठविण्याची रचना त्याने गुप्त ठेवली असल्यास दवाखान्याच्या चकतीवर रुग्णांच्या नोंदी शाबूत असतात, पण त्या वाचता येत नाहीत. मराठी मजकुराच्या बाबतीत याचा अनुभव छापखान्यांनी घेतलेला आहे. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी प्रत्येक देवनागरी फॉन्टची सांकेतिक रचना वेगळी असे. तो फॉन्ट गेला की त्यात जुळविलेला मजकूर निरर्थक चिन्हांची रांग होऊन बसे. पुस्तक पुन्हा जुळविता येते. पाच वर्षांपूर्वीचा रक्ताचा निष्कर्ष पुन्हा मिळविता येत नाही. मुक्तस्रोत प्रणालीचा खरा आधार हा की, मूळ निर्माते गेले तरी संहिता आणि माहितीची रचना दवाखान्याच्या हाती उरते, आणि दुसरा कोणी जाणकार तेथून पुढे काम चालवू शकतो.

इतिहास : वैद्यकीय नोंदीच्या रचनेचा शास्त्रशुद्ध विचार लॉरेन्स वीड या अमेरिकन वैद्याने केला. १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखांत त्यांनी नोंदी कालक्रमाऐवजी रुग्णाच्या समस्यांनुसार मांडाव्यात असे प्रतिपादले. रुग्णाचे म्हणणे, वैद्याचे निरीक्षण, निष्कर्ष आणि योजना हा आज सर्वत्र शिकविला जाणारा क्रम त्यांचाच. सुमारास १९६६-६७ मध्ये बॉस्टन येथील मॅसॅचूसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत मम्प्स ही रुग्णालयीन नोंदींसाठी खास बनविलेली संगणकभाषा तयार झाली. इंडियानापोलिस येथील रीजनस्ट्रीफ संस्थेत क्लेमेंट मॅक्डोनाल्ड यांनी १९७२ पासून मधुमेहाच्या रुग्णांच्या नोंदींपासून आरंभ करून एक मोठी प्रणाली उभारली. मॅक्डोनाल्ड यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की, संगणकाने आठवण करून दिल्यास वैद्य आवश्यक त्या कृती अधिक वेळा करतात आणि आठवण थांबताच पूर्वस्थितीवर येतात. ज्ञानाचा अभाव हे चुकांचे कारण नसून माणसाच्या अवधानाची मर्यादा हे कारण आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे आफ्रिकेत झालेल्या कामाची वैचारिक बैठक हीच होय.

अमेरिकेतील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही वैद्य व कार्यक्रमकार यांनी मध्यवर्ती संगणक विभागाच्या विरोधास न जुमानता मम्प्स भाषेत लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या व परस्परांत वाटल्या. १९८२ मध्ये त्यांना अधिकृत मान्यता मिळाली आणि त्यांतून व्हिस्टा ही विशाल प्रणाली विकसित झाली. अमेरिकेच्या कायद्यानुसार संघीय शासनाच्या सेवकांनी तयार केलेल्या कृतीवर तेथे प्रताधिकार नसल्यामुळे व्हिस्टाची संहिता आपोआपच सार्वजनिक मालकीची झाली. जॉर्डनने २००९ पासून आपल्या सार्वजनिक रुग्णालयांसाठी तीच स्वीकारली. खुद्द अमेरिकन खात्याने २०१८ मध्ये तिच्याऐवजी विक्रीची प्रणाली घेण्याचा करार केला. परंतु पहिल्या काही रुग्णालयांतील अडचणींमुळे एप्रिल २०२३ मध्ये पुढील बदल थांबवावा लागला. वैद्यांनी स्वतःच्या गरजेतून घडविलेली प्रणाली बाहेरून आणलेल्या प्रणालीने बदलणे किती अवघड असते, याचे हे मोठे उदाहरण आहे.

दरम्यान रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या ग्नू प्रकल्पामुळे मुक्त आज्ञावलीच्या कल्पनेस कायदेशीर रूप लाभले. १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध झाला. ‘मुक्तस्रोत’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा १९९८ मध्ये रूढ झाली. तिच्या पाठोपाठ दवाखान्यांसाठी अनेक प्रणाली निर्माण झाल्या. कॅनडातील मॅक्मास्टर विद्यापीठाच्या कुटुंबवैद्यक विभागात डेव्हिड चॅन यांनी ऑस्कर ही प्रणाली रचली. अमेरिकेत ओपनईएमआर व स्पेनमध्ये लुईस फाल्कोन यांच्या पुढाकाराने ग्नू हेल्थ या प्रणाली तयार झाल्या. या सर्वांत विकसनशील देशांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची प्रणाली ओपनएमआरएस होय.

ओपनएमआरएस : पश्चिम केनियातील एल्डोरेट येथील मोई विद्यापीठ आणि इंडियाना विद्यापीठ यांच्या सहकार्यातून २००१ मध्ये मोसोरियोट येथील ग्रामीण आरोग्य केंद्रात एक साधी संगणकीय नोंदपद्धती सुरू झाली. ती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस या कार्यालयीन आज्ञावलीवर उभारलेली होती. त्याच वर्षी या दोन विद्यापीठांचा एचआयव्ही उपचाराचा कार्यक्रम, ॲम्पाथ, सुरू झाला व त्यासाठी तशीच पद्धती वापरण्यात आली. विषाणुरोधक औषधे उपलब्ध होताच रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि ही तात्पुरती रचना अपुरी पडू लागली. २००४ मध्ये रीजनस्ट्रीफ संस्थेचे बर्क मॅमलिन व पॉल बायॉन्डिक एल्डोरेटला गेले असता त्यांना आढळले की, केवळ ही आज्ञावली दुरुस्त करून भागणार नाही. पायापासून नवी रचना हवी. हेच काम पेरू, हैती व रुआंडा येथे पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेसाठी हेमिश फ्रेझर करीत होते, तर दक्षिण आफ्रिकेत तेथील वैद्यकीय संशोधन परिषदेचे ख्रिस सीब्रेट्स करीत होते. प्रत्येकाने आपापली प्रणाली स्वतंत्रपणे लिहिण्यापेक्षा सर्वांनी मिळून एक लिहावी व ती मुक्त ठेवावी, असे ठरले. फेब्रुवारी २००६ मध्ये केनियात, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रुआंडात व वर्षअखेरीस दक्षिण आफ्रिकेत ती प्रत्यक्ष वापरात आली. आज चाळीसहून अधिक देशांत तिचा वापर होतो. केनियाने आपल्या सरकारी एचआयव्ही दवाखान्यांसाठी तिच्यावर आधारलेली राष्ट्रीय आवृत्ती तयार करविली. २००७ पासून गूगलच्या उन्हाळी योजनेतून भारत व श्रीलंकेतील अनेक विद्यार्थ्यांनीही तिच्या संहितेत भर घातली आहे.

रचना : या प्रणालीचे मर्म तिच्या संकल्पना-कोशात आहे. साध्या आज्ञावलीत प्रत्येक प्रश्नासाठी कोष्टकात एक स्तंभ असतो : वजनाचा एक, रक्तदाबाचा एक, हिमोग्लोबिनाचा एक. नवी तपासणी सुरू झाली की कोष्टक मोडून नवा स्तंभ घालावा लागतो, आणि त्यासाठी कार्यक्रमकार बोलवावा लागतो. ओपनएमआरएसमध्ये स्तंभांऐवजी ओळी असतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक निरीक्षण : कोणत्या रुग्णाचे, कोणत्या भेटीत, कोणत्या वेळी, कोणत्या संकल्पनेविषयी आणि काय मूल्य. संकल्पना स्वतः कोशात नोंदलेली असते. उदाहरणार्थ, कोलंबिया विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने सांभाळलेल्या व अनेक देशांत प्रचलित असलेल्या कोशात ५०८९ या क्रमांकाची संकल्पना वजन ही आहे. ते संख्येत व किलोग्रॅममध्ये लिहावयाचे असते आणि ० ते २५० या मर्यादेबाहेरची संख्या स्वीकारली जात नाही. ६० ऐवजी ६०० असे चुकून लिहिले गेले तर चूक तेथेच अडते. नव्या तपासणीसाठी कोशात एक नोंद वाढविली की पुरे; मूळ रचनेस हात लावावा लागत नाही. एकाच संकल्पनेला अनेक भाषांत नावे देता येतात, त्यामुळे फ्रेंच बोलणारा लेखनिक व इंग्रजी बोलणारा वैद्य एकच नोंद आपापल्या भाषेत पाहू शकतात.

या लवचिकपणाची किंमत मोजावी लागते. एका रुग्णाच्या एका भेटीत पन्नास निरीक्षणे झाली तर पन्नास ओळी निर्माण होतात, आणि काही वर्षांत एका मोठ्या कार्यक्रमाच्या ओळी कोट्यवधींच्या घरात जातात. त्यांतून मासिक अहवाल काढणे संथ व किचकट ठरते. त्यासाठी माहिती पुन्हा सपाट कोष्टकांत मांडून घ्यावी लागते. शिवाय कोश सांभाळणे हे काम वैद्याचे आहे, कार्यक्रमकाराचे नव्हे. ‘ताप’ ही तक्रार, ‘ताप’ हे निरीक्षण आणि ‘तापाचे निदान’ या तीन भिन्न संकल्पना आहेत; त्या एकत्र केल्या तर पुढची सर्व आकडेवारी निरुपयोगी होते. कोशाची शिस्त न पाळणाऱ्या दवाखान्यांत एकाच तपासणीच्या चार संकल्पना तयार झालेल्या आढळतात. कोशातील नोंदी रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी, स्नोमेड सीटी या वैद्यकीय परिभाषेशी आणि प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी रीजनस्ट्रीफ संस्थेनेच १९९४ मध्ये सुरू केलेल्या लॉइंक या संकेतावलीशी जोडलेल्या असल्यास एका दवाखान्याची नोंद दुसऱ्यास समजू शकते.

आणखी एक तत्त्व उल्लेखनीय आहे. चुकीची नोंद या प्रणालीत सामान्यतः पुसली जात नाही; ती रद्द ठरविली जाते, आणि कोणी, केव्हा व का रद्द केली हे सोबत लिहिले जाते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड न करता उलट नोंद करण्याच्या जुन्या रिवाजाशी याचे साम्य आहे. वैद्यकीय नोंद न्यायालयात पुरावा म्हणून येऊ शकते, हे लक्षात घेता ही दक्षता अनिवार्य होय.

दवाखान्यातील वापर : संगणक आला म्हणजे प्रत्येक वैद्य कळफलकावर नोंद करू लागतो, अशी समजूत असते. ॲम्पाथमध्ये पुष्कळ वर्षे तसे झाले नाही. वैद्य छापील नमुन्यावर पेनाने लिहीत. नमुने लेखनिकांकडे जात व ते संगणकात भरत. पुढील भेटीपूर्वी त्या रुग्णाचा एक पानी सारांश छापून केसपेपरात ठेवला जाई. ही दुहेरी पद्धत अडाणीपणाची वाटली तरी एका वैद्यापुढे दिवसाला साठ-सत्तर रुग्ण असताना तीच शहाणपणाची ठरते. सारांशाच्या तळाशी आठवणी छापता येत. एल्डोरेट येथे झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या रुग्णांची रोगप्रतिकारक पेशींची (सीडी४) गणना वेळेवर झाली नव्हती, त्यांच्यापैकी आठवण छापलेल्या दवाखान्यात ५३ टक्के व आठवण नसलेल्या तुलनेच्या दवाखान्यात ३८ टक्के रुग्णांची तपासणी सांगितली गेली. फरक लक्षणीय आहे; पण आठवण होऊनही जवळजवळ निम्म्यांची तपासणी सांगितली गेली नाही, हेही तितकेच लक्षणीय आहे.

मलावीमध्ये वेगळा मार्ग अवलंबिला गेला. तेथील बाओबाब हेल्थ या संस्थेने बोटाने स्पर्श करून चालविता येतील असे पडदे परिचारिका व आरोग्यसेवकांपुढे ठेवले. एका वेळी एकच प्रश्न पडद्यावर येई. कळफलकाचा सराव नसलेल्यांनाही तो थोड्या शिक्षणाने वापरता येई. उपकरणे अल्प विजेवर व बॅटरीवर चालणारी असल्यामुळे वीज गेली तरी रांग थांबत नसे. पुढे या पद्धतीनेही ओपनएमआरएसची माहितीरचना स्वीकारली.

कागद मुळीच चालणार नाही अशी परिस्थिती पश्चिम आफ्रिकेतील २०१४-१५ च्या एबोला साथीत उद्भवली. उपचारकेंद्राच्या दूषित भागात लिहिलेला कागद बाहेर आणणे निषिद्ध होते. संरक्षक पोशाखात आरोग्यसेवकास फार वेळ थांबताही येत नसे. त्यामुळे रुग्णाचे ताप व नाडीचे आकडे कुंपणापलीकडे ओरडून सांगणे किंवा बाहेर येऊन आठवणीने लिहिणे हाच पर्याय उरे. सिएरा लिओनमधील केरी टाऊन येथील केंद्रासाठी ओपनएमआरएसवर आधारलेली प्रणाली थोड्या महिन्यांत तयार करण्यात आली; आतील भागात हातातील पाटीसंगणकावर केलेली नोंद बिनतारी मार्गाने बाहेर पोहोचे. त्याच देशात मागबुराका येथे तर क्लोरीनच्या द्रावणात बुडवून निर्जंतुक करता येतील अशा वेष्टनातील पाटीसंगणक वापरले गेले. इतक्या थोड्या अवधीत हे साधले, कारण मूळ संहिता उपलब्ध होती व ती बदलण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही. तथापि साथ ओसरता ओसरता ही साधने हाती आली, हेही नमूद केले पाहिजे.

परवाने : सर्व मुक्तस्रोत परवाने सारखे नसतात. ओपनईएमआर व ग्नू हेल्थ या प्रणाली जनरल पब्लिक लायसन्सखाली आहेत; त्यांत बदल करून वाटणाऱ्याने आपल्या बदलांची संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. ओपनएमआरएस मोझिला परवान्याखाली, वैद्यकीय जबाबदारीविषयीच्या पुरवणी कलमासह, दिली जाते. या परवान्यात मूळ धारिकांतील बदल खुले ठेवावे लागतात, परंतु त्यांना जोडलेला स्वतंत्र भाग बंदिस्त ठेवता येतो. दवाखान्याने प्रणाली निवडताना ‘मुक्तस्रोत’ एवढ्या शब्दावर विसंबू नये. गाभा मुक्त असून औषधभांडार, देयके किंवा अहवाल यांचे भाग बंदिस्त असलेल्या प्रणाली आढळतात, आणि तेथे दवाखाना पुन्हा एका विक्रेत्याशी बांधला जातो. यासाठी एक सोपी कसोटी आहे : सर्व रुग्णांच्या सर्व नोंदी विक्रेत्याच्या साहाय्याविना दुसऱ्या यंत्रावर नेऊन वाचता येतात काय, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे.

सुरक्षितता : संहिता सर्वांस दिसत असल्यास ती चोरट्यासही दिसते, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. २०१८ मध्ये संगणक-सुरक्षेच्या अभ्यासकांच्या एका गटाला ओपनईएमआरमध्ये वीसहून अधिक दोष आढळले. त्यांनी ते प्रथम निर्मात्यांना कळविले व दुरुस्ती झाल्यावर जाहीर केले. बंदिस्त प्रणालीतही दोष असतातच. फक्त ते शोधण्याची मुभा बाहेरच्यास नसते. मात्र दुरुस्त आवृत्ती प्रसिद्ध होणे आणि ती दवाखान्यातील यंत्रावर बसविली जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. धोका बहुधा दुसऱ्या टप्प्यात असतो. सर्वांनी एकच परवलीचा शब्द वापरणे, प्रती न काढणे, काढलेली प्रत त्याच खोलीत ठेवणे या दोषांवर कोणत्याही परवान्याचा इलाज नाही.

खर्च व मर्यादा : आज्ञावली विनामूल्य असली तरी संगणक, अखंड वीज, जाळेजोडणी, लेखनिक, प्रशिक्षण व देखभाल यांना पैसा लागतो, आणि प्रणालीच्या एकूण खर्चात परवान्याचा वाटा अनेकदा लहानच असतो. ‘फुकट आहे’ म्हणून घेतलेल्या व देखभालीची तरतूद न केलेल्या प्रणाली पहिला जाणता कर्मचारी नोकरी सोडून जाताच बंद पडतात. एकट्या वैद्याच्या लहान दवाखान्यास तर अशी प्रणाली स्वतः सांभाळणे सहसा परवडत नाही. अनेक दवाखान्यांनी मिळून एक जाणकार नेमणे हाच व्यवहार्य उपाय दिसतो. आफ्रिकेतील अनेक प्रणालींचा चालू खर्च अमेरिकेच्या २००३ मध्ये सुरू झालेल्या एचआयव्ही साहाय्य योजनेतून होत असे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी साहाय्य एकाएकी रोखले, तेव्हा संहिता मुक्त असली तरी ती चालविणारे हात मुक्त नव्हते, ही गोष्ट उघड झाली. ज्या देशांनी स्वतःचे कार्यक्रमकार व अभिलेखपाल घडविले होते त्यांना निदान काम पुढे नेण्याचा मार्ग मोकळा होता. बंदिस्त प्रणालीत तोही राहिला नसता.

भारतातील स्थिती : रुग्णाच्या नोंदींवरील त्याचा हक्क भारतीय कायद्याने टप्प्याटप्प्याने मान्य केला आहे. वैद्याने गोपनीयतेच्या सबबीवर रुग्णास किंवा त्याच्या नातेवाइकांस उपचाराची कागदपत्रे नाकारू नयेत, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णांच्या नोंदी उपचारारंभापासून तीन वर्षे ठेवणे व मागणी झाल्यास ७२ तासांत देणे वैद्यावर बंधनकारक झाले. नोंदी त्वरित मिळाव्यात यासाठी त्या संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असेही त्यांत म्हटले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य अभिलेखांची मानके प्रसिद्ध केली व २०१६ मध्ये ती सुधारली. त्यांनुसार अभिलेखातील माहिती रुग्णाच्या मालकीची असून दवाखाना ती विश्वस्त या नात्याने सांभाळतो. या मानकांच्या प्रसारासाठी राष्ट्रीय साधनकेंद्र पुणे येथील सी-डॅक संस्थेत आहे. स्नोमेड सीटीचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्ये घेतल्यामुळे ती परिभाषा देशात विनाशुल्क वापरता येते.

मुक्तस्रोत प्रणालीचा भारतातील सर्वांत उल्लेखनीय प्रयोग छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी येथे झाला. जन स्वास्थ्य सहयोग या वैद्यांच्या संस्थेचे तेथील रुग्णालय आदिवासी व ग्रामीण रुग्णांसाठी चालते. त्याच्यासाठी थॉटवर्क्स या कंपनीच्या भारतातील कार्यक्रमकारांनी २०१२-१३ च्या सुमारास बाह्मनी ही प्रणाली तयार केली. सर्व काही नव्याने लिहिण्याऐवजी त्यांनी तीन मुक्तस्रोत आज्ञावल्या एकत्र गुंफल्या : रुग्णाभिलेखासाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस आणि देयके व औषधभांडारासाठी आज ओडू या नावाने ओळखली जाणारी आज्ञावली. वैद्याने तपासणी लिहिली की तिची मागणी प्रयोगशाळेत व तिचे मूल्य रोखपालाकडे आपोआप जाते. नेपाळच्या आछाम जिल्ह्यातील बयालपाटा रुग्णालयाने व ‘सीमेविना डॉक्टर’ या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही तिचा स्वीकार केला. गनियारीतील गरजेतून निर्माण झालेली वस्तू अशा रीतीने युद्धग्रस्त प्रदेशांपर्यंत पोहोचली.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल अभियानात प्रत्येक नागरिकास चौदा अंकी आरोग्यक्रमांक घेता येतो आणि त्याच्या संमतीने एका दवाखान्यातील नोंद दुसऱ्या दवाखान्यास पाहता येते. त्यासाठी नोंद फायर या नावाने परिचित असलेल्या आंतरराष्ट्रीय विनिमय-मानकानुसार द्यावी लागते. बाह्मनीसह काही मुक्तस्रोत प्रणालींनी या जोडणीची सोय केली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमानेही संमतीचे तत्त्व मान्य केले आहे.

भाषेचा प्रश्न मात्र पुष्कळसा अनुत्तरित आहे. भारतीय दवाखान्यांत रुग्णाचे नाव बहुधा रोमन लिपीत नोंदले जाते, आणि गायकवाड किंवा क्षीरसागर यांसारखे आडनाव वेगवेगळे लेखनिक तीन-चार प्रकारे लिहितात. परिणामी एकाच रुग्णाचे दोन-तीन अभिलेख तयार होतात व पहिल्यातील ॲलर्जीची नोंद दुसऱ्यात दिसत नाही. देवनागरीत नोंद केल्यास ही अडचण पुष्कळ कमी होते, आणि युनिकोडमुळे त्यास तांत्रिक अडथळा उरलेला नाही. संकल्पना-कोशात मराठी नावे घालण्याची सोयही आहे. परंतु कोणती मराठी संज्ञा वैद्य, परिचारिका व रुग्ण या तिघांनाही एकाच अर्थाने कळेल हे ठरविणे अवघड असते. वैद्यकीय परिभाषेतील ‘अतिसार’ व रुग्णाने सांगितलेले ‘हगवण’ किंवा ‘जुलाब’ यांतले काय लिहावे, हे ठरविण्यासाठी दवाखान्यात प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा ऐकून कोश रचावा लागेल. संहिता मुक्त असल्यामुळे हे काम महाराष्ट्रातील एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयास किंवा दवाखान्यांच्या गटास कोणाच्याही अनुमतीविना हाती घेता येते.